जाताना रेल्वे, येताना विमान

तुम्हा दोघांचं भांडण तुमच्या अम्मीने मला फोनवर ऐकवलं. ब्रसेल्सहून झुरिकला जायचं ते रेल्वेने की विमानाने? थोरली म्हणते रेल्वे, कारण विमान हवेत फार धूर सोडतं. धाकटाही म्हणतो रेल्वे, कारण रेल्वेत डबा उघडून जेवता येतं आणि जागेवरून उठून हिंडता येतं. तुमची अम्मी म्हणते विमान, कारण नानीचे गुडघे. शेवटी ठरलं की नानीलाच विचारू. नानी रेल्वेच म्हणणार, असं तुम्ही आधीच धरून चालला आहात.

मी लगेच उत्तर दिलं नाही, म्हणून अम्मीला वाटलं फोन कटला. फोन चालू होता. हाच प्रश्न माझ्या घरात पहिल्यांदा निघाला त्याला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि तेव्हा माझ्याशी भांडणारे तुमचे नाना होते. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमच्या अम्मीने त्यांना शेवटचं पाहिलं ते रियाधच्या स्टेशनावर, रेल्वेच्या डब्यात चढताना. मीही तेव्हाच. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता येत नाही. बसून लिहावं लागतं. इंग्रजी मी आयुष्यभर शिकवलं, पण हे मला इंग्रजीत लिहायचं नाही. अम्मी वाचून दाखवेल. मध्येच थांबली तर तिला घाई करू नका.

आम्ही जुबैलला राहत होतो. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे शहर मुळात कागदावर आखून मग वाळूत उभं केलेलं. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला एकाच साच्यातून काढल्यासारखी घरं, आणि सगळीकडून कंपन्यांच्या बसेस. नाना एका प्लांटवर शिफ्ट सुपरवायझर होते. तो प्लांट समुद्राचं पाणी गोडं करून पाइपांतून वाळवंटापलीकडे थेट रियाधला पाठवत असे. रत्नागिरीकडची आपली पुष्कळ माणसं त्या भागात होती. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर. बहुतेक एकटे, कॅम्पात राहणारे. नाना हुद्द्याने त्यांचे साहेब होते, पण शुक्रवारी नमाजानंतर चारसहा जण आमच्याकडे जेवायला असायचेच. तांदळाची भाकरी आणि सोड्याची, म्हणजे सुक्या कोलंबीची, आमटी समोर आली की कोणी साहेब राहत नसे.

मी तिथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवत असे. म्हणून नाना मला ‘बाई’ म्हणायचे. रागात असले तर ‘मास्तरीणबाई’.

कंपनी दर वर्षी सुट्टीला मुंबईपर्यंतचं तिकीट द्यायची. तिथल्या लोकांत एक चाल होती. थोडे पैसे वर घातले की तेच तिकीट युरोपवरून फिरवून घेता येई. लोक आठ दिवस पॅरिस-रोम करून मग गावी उतरत आणि वर्षभर त्याचे फोटो दाखवत. आमचंही दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी रद्द व्हायचं. कधी माझ्या नणंदेचं लग्न, कधी गावच्या घराचं छप्पर, कधी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. मुंबईला न्यायचे खोके दोरीने आवळून, वर मार्करने नाव लिहून दारात उभे राहिले की युरोप आपोआप मागे पडायचा.

पण मी तयारी सोडली नाही. जवळच्या खोबर शहरातल्या एका पुस्तकांच्या दुकानात मला युरोपातल्या रेल्वेचं वेळापत्रक मिळालं होतं. टेलिफोनच्या डिरेक्टरीएवढं जाड. दुपारी शाळेतून आले की मी ते घेऊन बसायची. पॅरिसहून झुरिक, झुरिकहून डोंगराच्या पोटातून मिलान, मिलानहून रोम. कुठे गाडी बदलायची, कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसलं की तळं दिसतं, हे मला प्रत्यक्ष जाऊन आल्यासारखं पाठ होतं.

नानांना रेल्वे मान्यच नव्हती.

“विमानाने पॅरिस-झुरिक तासाभराचं,” ते म्हणत. “तुझी गाडी सकाळी बसवणार आणि दुपारी उतरवणार. तेवढ्यात मी पोचून, आंघोळ करून, एक झोप काढून उठेन.”

“झोपायला झुरिकला कशाला जायचं? जुबैलमध्ये झोपा की.”

“आणि खिडकीतून बघायचं काय? गायी? गायी तुझ्या अब्बांच्या गोठ्यात आहेत. परवाच्या सुट्टीत बघून आलोय.”

“विमानातून काय दिसतं?”

“ढग. सगळ्या मुलखात सारखे. म्हणून बघावे लागत नाहीत.”

तुमची अम्मी तेव्हा अकरा वर्षांची. तिचं घरात एकच काम, जो जिंकतोय त्याच्या बाजूने बोलणं. “अब्बा राइट आहेत. ट्रेनमध्ये टॉयलेट डर्टी असतं.”

“युरोपातलं नसतं.”

“यू हॅवन्ट सीन इट, अम्मी.”

मग बापलेक एकमेकांना टाळी देत. मी वेळापत्रक मिटून ताटं घ्यायला उठे.

तुम्हाला वाटेल ही काय भांडणाची गोष्ट. पण मला ते भांडण हरायचं नव्हतं. दर सुट्टीला आम्ही विमानात बसायचो ते झोपून उठायचो मुंबईला, आणि परत येताना झोपून उठायचो ते वाळूत. दोन्ही टोकं मला माहीत होती. मधलं काहीच माहीत नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्यातला निम्मा वेळ नाना शिफ्टवर होते. मला एकदा त्यांच्या शेजारी खिडकीशी बसून मधलं काहीतरी बघायचं होतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी फक्त तळं कुठल्या बाजूला येतं ते सांगत होते.

नव्वद साली अखेर जमलं. उन्हाळ्यात प्लांटच्या दुरुस्तीचं मोठं काम निघालं, म्हणून नानांची सुट्टी डिसेंबरला गेली, आणि त्या वर्षी गावी कोणाचं लग्न नव्हतं की छप्पर नव्हतं. एजंटाला सांगून झालं. आणि ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं.

त्यानंतर युरोपचा विषय कोणी काढलाच नाही. आधी रस्त्यावर कुवेती गाड्या दिसू लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या. मग परदेशी सैनिक, ट्रक, रणगाडे. सरहद्दीवरच्या खफजीत काम करणारी आपल्याकडची दोन पोरं एक दिवस आमच्या दारात येऊन उभी राहिली. कॅम्प रिकामा करायला सांगितला म्हणून जे होतं ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून आलेली. मी त्यांना जेवायला वाढलं. त्यांतला एक पहिला घास घेऊन नुसता बसून राहिला.

थंडी सुरू झाली तेव्हा शाळेतली निम्मी बाकं रिकामी होती. विषारी वायूच्या भीतीने घराघरांत एक खोली निवडून तिच्या खिडक्या प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करायला सांगितलं होतं. आमच्याकडे ती खोली तुमच्या अम्मीची होती. तिने त्या प्लास्टिकवर स्केचपेनने एक खिडकी काढली आणि खिडकीत एक झाड.

बायकामुलांनी गावी जावं आणि प्लांटवरच्या माणसांनी थांबावं, हे कोणी बोलून दाखवलं नाही तरी ठरल्यासारखं होतं. नाना म्हणाले, “रियाध सगळं आमच्या नळावर आहे. मी उठून गेलो तर तिथं लोकांनी प्यायचं काय?” हे ते अभिमानाने म्हणत होते की भीतीने, मला कळलं नाही. मी म्हटलं, मीही जाणार नाही. ते प्लास्टिकवरच्या त्या झाडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हिला ने.” मग मी वाद घातला नाही.

जानेवारी लागला होता. कंपनीकडून आमचे पासपोर्ट सोडवून आणले, परतीच्या व्हिसाचा शिक्का मारून घेतला. एजंटाकडे दोन गोष्टी शिल्लक होत्या. जवळच्या दहरानहून परवाच्या दिवशीच्या दोन जागा, नाहीतर रियाधहून आणखी तीन दिवसांनी. आणि रियाधला जायचं तर विमानाने किंवा दम्मामहून रेल्वेने. हो, त्या वाळवंटात एक रेल्वे आहे. दम्मामहून निघते, हुफूफवरून रियाधला जाते.

नाना एजंटाच्या टेबलाला हात टेकून माझ्याकडे वळले. “बोल बाई. दहरानहून गेलात तर लवकर सुटाल. रियाधचं घेतलं तर मला एक दिवस मिळेल, मी सोडायला येईन. इथून रियाध विमानाने तासाचं.”

“रेल्वेने?”

“सकाळचं निघून दुपार.”

“मग रेल्वेने,” मी म्हटलं.

मी तयारीत होते. आता म्हणतील, वाळू बघायला खिडकी हवी काय, वाळू दारात आहे. ते काही म्हणाले नाहीत. एजंटाला म्हणाले, “रियाधचं करा,” आणि खिशातून पेन काढलं. त्या वेळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. सरावाच्या सायरनचीही वाटली नव्हती तेवढी. बारा वर्षांत त्या माणसाने या बाबतीत एकदाही माझं न भांडता ऐकलं नव्हतं.

मधल्या दिवसांत मी स्वयंपाक केला. तिथं सगळ्याच बायका तो करत. नवऱ्याला मागे ठेवून सुट्टीला जायचं तर आधी फ्रीझर भरायचा. खिमा, मटणाचं सुकं, वालाची उसळ, कोलंबी, सांदणंसुद्धा. निळ्या झाकणांचे प्लास्टिकचे डबे. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर पदार्थाचं नाव आणि आठवडा. आधी खराब होणारं वर, टिकणारं तळाशी. चिकटपट्टी खिडकीचीच उरलेली होती. नाना दारात उभे राहून बघत होते.

“मास्तरीणबाई, हे टाइमटेबल कोणी मोडलं तर शिक्षा काय?”

“मोडायचं नाही.”

“आणि एखाद्या सोमवारी उसळ खावीशी वाटली तर?”

“तर मला फोन करून विचारायचं.”

ते हसले. वालाचा एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.” मीठ कमी नव्हतं.

दम्मामच्या स्टेशनावर सकाळी गर्दी फार नव्हती. तिथल्या गाडीत कुटुंबांचे डबे वेगळे असतात आणि एकट्या पुरुषांचे वेगळे. आम्ही कुटुंबाच्या डब्यात बसलो. मी खिडकीशी, नाना माझ्या शेजारी, अम्मी समोर. पलीकडच्या बाकावर एक म्हातारा अरब, त्याची बायको आणि एक लहान नातू. गाडी हलली. बाजूच्या रुळावर उघड्या वाघिणींवर रणगाडे उभे होते, ताडपत्रीने झाकलेले. अम्मीने ते मोजायला सुरुवात केली. नानांनी तिच्या पुढ्यात कॉमिक ठेवलं.

मग वाळवंट. मला वाटलं होतं ते सगळं सारखंच असेल. तसं नव्हतं. कुठे करडं, कुठे तांबूस, कुठे वाऱ्याने कंगवा फिरवल्यासारखं. लांबवर तेलाच्या विहिरींच्या ज्वाळा. उंटांची एक रांग गाडीकडे ढुंकूनही न बघता उभी. मी म्हटलं, कंटाळलात? त्यांनी माझ्यापुढून वाकून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जमिनीवर मिठाचा थर साचलेला होता, लांबच्या लांब पांढरा, उन्हात चमकत. तिथं पाणी सुकून असे पट्टे होतात.

“मॅडम,” ते अगदी तिकीट तपासनिसाच्या आवाजात म्हणाले, “बर्फ सुरू झाला.”

मला आधी कळलं नाही.

“पॅरिस मागे पडलं. आता झुरिक येईल. आपलं तळं कुठल्या बाजूला आहे?”

मी म्हटलं, “डाव्या.”

“आपण उजव्या बाजूला बसलोय. एवढं पाठ करून उपयोग काय झाला?”

“अब्बा, व्हॉट झुरिक?” अम्मीने कॉमिकमधून डोकं वर काढलं.

“तुझी अम्मी आपल्याला झुरिकला घेऊन चाललीय. रेल्वेने. टॉयलेट बघून ये, डर्टी आहे का.”

ती खरोखर गेली आणि आली. “नॉट दॅट बॅड,” म्हणाली. नाना म्हणाले, “बघ, युरोप आहे.”

हुफूफ आलं. खजुरांची दाट झाडी, मातीची बुटकी घरं, फलाटावर बसलेली माणसं. नाना उभे राहिले आणि वाकून म्हणाले, “झुरिक. गाडी थोडा वेळ थांबेल. उतरायचं, की पुढे मिलान?”

“पुढे,” मी म्हटलं. “उतरलं तर गाडी चुकेल.”

“आता कशी बोललीस. विमानात ही भीती नसते.”

पलीकडच्या म्हाताऱ्या बाईने आमचं हसणं ऐकलं असावं. तिने आपल्या थर्मासमधून छोट्या कपांत काहवा, अरबांची कडू कॉफी, ओतून नवऱ्याच्या हाती दिला, त्याने तो नानांना दिला. मग खजूर आले. म्हाताऱ्याने विचारलं, हिंदी? म्हणजे भारतातले का. नाना म्हणाले, हिंदी. त्याने खिडकीबाहेर उत्तरेकडे हात केला आणि मान हलवली. “अल्लाह करीम,” म्हणाला. नानाही म्हणाले. त्याचा नातू अम्मीच्या कॉमिककडे टक लावून बघत होता. तिने ते त्याच्याकडे उलटं वळवून धरलं, चित्रं दिसावीत म्हणून.

हुफूफनंतर अम्मी झोपली. नानांनी आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि पुन्हा माझ्या शेजारी बसले. बाहेर आता मोठ्या लाल टेकड्या होत्या.

“वाईट नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“हे. तुझं मधलं.”

मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. बारा वर्षं माणूस ढग बघत होता आणि त्याला माहीत होतं.

“पण एक सांगतो,” ते म्हणाले. “हिशेब बरोबर राहू दे. जाताना तुझी रेल्वे झाली. येताना माझं विमान. लढाई संपली की सुट्टी घेतो. तुझ्या त्या सगळ्या गावांना जाऊ, पण एक तरी टप्पा विमानाने करायचा. झुरिकचाच. आणि तू खिडकीशी बसायचंस. खिडकीचं शटर खाली ओढून, रुसून, झोपायचं नाही. ढग तर ढग, बघायचे.”

“कबूल.”

“मागे फिरायचं नाही, बाई.”

“सांगितलं ना, कबूल.”

त्यांनी डोकं मागे टेकलं. रियाध येईपर्यंत ते झोपले. मी जागी होते. रेल्वेत झोपणार नाही, असं मी वेळापत्रक वाचतानाच ठरवलेलं होतं.

रियाधमध्ये आम्ही त्यांच्या मावसभावाकडे उतरलो, अल मलाझमध्ये, दुकानांवरच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये. मावसभावजयीने पाण्याचे ग्लास पुढे केले. नानांनी एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, “माझं आहे. काल पाठवलेलं.” सगळे हसले.

आमचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं, पण नानांना त्याआधी सकाळच्या गाडीने परतायचं होतं, रात्रीच्या शिफ्टला हजर राहायला. त्यामुळे ते आम्हाला विमानतळावर सोडायला येऊ शकले नाहीत. आम्हीच त्यांना स्टेशनावर सोडायला गेलो. फलाटावर त्यांनी अम्मीच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, “डबे टाइमटेबलप्रमाणे.” आता ते एकटे होते, म्हणून कुटुंबाच्या डब्यात त्यांना जागा नव्हती. ते पुढे चालत पुरुषांच्या डब्याकडे गेले. कामगारांच्या गर्दीत त्यांची पाठ थोडा वेळ दिसली, मग चढले.

खिडक्यांवर वाळूचा थर होता आणि काचेवर ऊन. आतलं काही दिसत नव्हतं. गाडी हलली तेव्हा मी एका खिडकीकडे बघून हात हलवला. अम्मी म्हणाली, “तिथे नाहीत अब्बा. त्या बाजूला.” मी त्या बाजूला हलवला. मग ती म्हणाली, “आय डोन्ट नो.” आम्ही दोघी सगळ्याच खिडक्यांना हात हलवत राहिलो.

आम्ही मुंबईला पोचलो आणि थोड्याच दिवसांत लढाई सुरू झाली. तिकडची विमानं बंद झाली. मी माझ्या माहेरी होते, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात. फोन होता तो वाण्याच्या दुकानात. दोनदा नानांशी बोलणं झालं. पहिल्यांदा म्हणाले, सगळं ठीक, कुठेतरी तेल जळतंय म्हणून आकाश काळं आहे, कोलंबी संपली. दुसऱ्यांदा आवाज नीट येत नव्हता. समुद्रावर तेल पसरलं होतं आणि ते प्लांटच्या तोंडाशी येऊ नये म्हणून सगळे दिवसरात्र राबत होते. मी विचारलं, जेवता का? ते म्हणाले, “उसळ. पण आज सोमवार नाही.” मग लाइन गेली.

फेब्रुवारीत रियाधहून मावसभावाचा फोन आला. वाण्याने मुलगा पाठवून माझ्या अब्बांना बोलावलं, मला नाही. तेवढ्यावरून मला कळलं. नाना शिफ्टवरून घरी आले, खुर्चीत बसून बूट काढले, आणि तिथेच गेले. हृदय बंद पडलं. त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर त्यांना तिथं दफन केलं. आपल्यात मय्यत थांबवत नाहीत. आणि थांबवली असती तरी मला कोणतं विमान नेणार होतं?

घरी बाया भेटायला येत. त्या मनापासून म्हणत, “अरबस्तानच्या मातीत जागा मिळाली. नशीबवान माणूस.” मी मान हलवत असे. त्यांचं चूक नव्हतं. आपल्या लोकांत ते नशीबच मानतात. पण मला ती माती माहीत होती. ती माती मी गाडीतून त्यांच्या शेजारी बसून पाहिली होती, आणि आम्ही तिला बर्फ म्हटलं होतं.

मी इद्दतीत, म्हणजे विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या दुखवट्यात, बसले. इद्दत संपली तोवर लढाईही संपली होती, विमानंही सुरू झाली होती. पण मला जाता येणार नव्हतं. माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नानांच्या इकाम्यावर होता. ते नाहीत तर मीही तिथली कोणी नाही. पासपोर्टवर परतीचा शिक्का तसाच होता, न वापरलेला.

पावसाळ्यात नानांच्या हाताखालचा एक फिटर सुट्टीवर आला आणि आमच्या गावी येऊन गेला. दापोलीकडचा, शुक्रवारी जेवायला येणाऱ्यांतला. त्याने दोरीने बांधलेला एक खोका ओटीवर ठेवला.

“भाभी,” तो म्हणाला, “साहेब तुमच्या एका डब्याचे दोन दिवस करायचे. आम्ही चिडवायचो, कंजूस साहेब. ते बोलायचे, बाई येईस्तोवर पुरवायचंय.”

मी खोक्याची दोरी सोडायला घेतली.

“त्यामुळे निम्मा फ्रीझर तसाच होता. मिट्टी देऊन आलो तर कोणाच्या घरात चूल नव्हती, कोणाची बायको नव्हती. सगळ्या गेलेल्या. मग आम्ही साहेबांचा फ्रीझर उघडला. तीन दिवस तेच खाल्लं, भाभी. वरचं आधी, खालचं मागून. पट्टीवर लिवलेलं तसं. साहेब सांगून ठेवलेले, टाइमटेबल मोडायचं नाही.”

माझ्या नवऱ्याच्या मयतीचं जेवण मीच रांधून आले होते. अम्मी माझ्या मागे उभी होती. ती आत निघून गेली.

मी कबरीबद्दल विचारलं. तिथं कबरीवर नाव लावत नाहीत. वाळूचा उंचवटा आणि उशाशी एक दगड. बायकांना तर आत जाताही येत नाही. तो म्हणाला, “मी खूण ठेवली होती. पण नंतर गेलो तर बाजूला नव्या झालेल्या. सगळ्या सारख्या दिसतात, भाभी. खोटं कशाला बोलू.” मला त्याचा आधार वाटला. दुसरा कोणी असता तर त्याने काहीतरी खूण सांगितली असती.

खोक्यात नानांचे कपडे होते, त्यांच्या कोटाच्या खिशात अम्मीचं गाडीतलं कॉमिक होतं, आणि डबे. रिकामे, घासून, एकात एक घातलेले, निळी झाकणं वेगळी. काहींवर माझी पट्टी अजून होती. तुमच्या स्वयंपाकघरात मसुरीचा जो पिवळा पडलेला डबा आहे, ज्याला धाकटा ‘अग्ली बॉक्स’ म्हणतो, तो त्यांतला. अम्मी तो का टाकत नाही, हे तुम्ही तिला विचारत असता. आता विचारू नका.

वेळापत्रक त्या खोक्यात नव्हतं. तिथल्या घरात कोणाला ते कशाचं पुस्तक आहे हे कळलं नसेल. त्याची मला कधी गरज पडली नाही. तुमच्याकडे मी याआधी दोनदा आले, दोन्ही वेळा ब्रसेल्समध्येच राहिले. अम्मीने कितीदा म्हटलं, चल कुठेतरी जाऊ, मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे तेव्हा एवढे वाईट नव्हते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही दोघं रेल्वेबद्दल जे म्हणता ते सगळं खरं आहे. धुराचंही, डब्याचंही. तुम्ही आपापल्या आयुष्यात रेल्वेनेच फिरा, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोला. पण या जूनमध्ये मी येईन तेव्हा झुरिकची तिकिटं विमानाची काढा. अम्मीला वाटेल मी तिची बाजू घेतली. तसं नाही. झुरिकला मी रेल्वेने एकदा जाऊन आले आहे. एक टप्पा विमानाचा राहिलाय, आणि तो मी कबूल केलेला आहे.

मला खिडकीची जागा द्या. गुडघ्यांसाठी मधल्या वाटेकडची बरी, असं अम्मी म्हणेल, तिचं ऐकू नका. तळं कुठल्या बाजूला येतं ते विमानातून दिसत असेल तर बघून ठेवा, नसेल तर राहू दे. बहुतेक ढगच असतील. मी शटर खाली ओढणार नाही, आणि झोपणारही नाही.